ओशच्या सकाळी फुटलेल्या काचा

नवबोग गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अंझुरत मुअल्लिमा, म्हणजे अंझुरत बाई, रोज सकाळी पावणेसातला फाटकातून आत शिरत आणि सर्वांत आधी खिडक्या मोजत. ही सवय एप्रिलपासूनची. गळकं छप्पर, हिवाळ्याच्या कोळशाची मागणी, दोन पाळ्यांचं वेळापत्रक, कचेरीला पाठवायचे तक्ते, एवढं सगळं डोक्यात असताना मुख्याध्यापिकेने खिडक्या मोजत फिरावं, याची त्यांची त्यांनाच लाज वाटे. पण एप्रिलमध्ये एक फुटली, मेमध्ये दुसरी फुटली, आणि जूनमधल्या त्या शनिवारी त्या आपल्या कार्यालयाच्या खिडकीपाशी पोहोचल्या तेव्हा बुटाखाली कचकच वाजलं.

ही तिसरी.

"सांगीन बोबो!" त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. तुतीच्या झाडाखालची खाट रिकामी होती, गोधडीची घडी नीट घातलेली. वीस मिनिटांनी म्हातारा फाटकातून आला. अंगात ठेवणीतला झगा, डोक्यावर नवी टोपी, मिशा तेलकट, बगलेत फडक्यात गुंडाळलेल्या दोन नान आणि हातात झाकलेला वाडगा.

"पुन्हा फोडली?" काचा बघून तो जागीच थांबला.

"ते तुम्ही मला सांगायचं. पहारेकरी तुम्ही. होतात कुठे?"

"ओशला, मुअल्लिमा. रुस्तम लोहाराच्या लेकीचं लग्न. पहाटे पाचला कढई उतरली. पुरुष म्हणवणारा एक माणूस गावात घरी नव्हता. मी नाही गेलो तर उद्या माझ्या मयताला कोण येईल?"

म्हाताऱ्याचंही खरं होतं. लग्नघरची ओश, पहाटेचा तो पुलाव, चुकवणं म्हणजे त्या घराशी उघड वैर धरणं. अशा जेवणाला किती माणसं बोलवायची हे सरकारने ठरवून दिलेलं आहे, आणि ते नवबोगने मोठ्या आदराने ऐकून घेतलेलं आहे. पहाटे गावातले सगळे पुरुष ओशला, आणि दहा वर्षांवरचे सगळे मुलगे ताटं वाहायला. ओश म्हटली की असंच.

"दोन घास खाऊन घ्या," सांगीन बोबोने वाडगा पुढे केला. "गरम आहे अजून. उपाशीपोटी राग बाधतो."

"बाधू दे," म्हणून मुअल्लिमा आत गेल्या.

दोन्ही संगणक जागेवर होते. संगीताच्या सरांचं अकॉर्डियन जागेवर होतं. चोर असता तर आधी याच वस्तू गेल्या असत्या. मोडलं होतं ते फक्त लोखंडी कपाट. शेगडीतले निखारे ढवळायची सळई घालून त्याची कडी उपटली होती. आणि मध्यभागी फरशी पुसायची बादली. त्यांनी वाकून पाहिलं. बादलीत कागदाचा लगदा झाला होता, त्यातून हिरव्या छपाईचे तुकडे वर आले होते. नववी उत्तीर्ण झाल्याचे एकेचाळीस कोरे दाखले! परवाच तालुक्याच्या शिक्षण कचेरीतून सही करून आणलेले, प्रत्येकावर क्रमांक छापलेला. एक दाखला खराब झाला तरी तीन माणसांच्या सह्या लागतात. एकेचाळीस खराब झाले म्हणजे काय लागतं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांना मटकन खाली बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर काचा होत्या.

एप्रिलमध्ये नववीची गुणवही शाळेमागच्या पाटात सापडली होती. मुअल्लिमांनी सुटीचे चार दिवस खर्ची घालून, शिक्षकांच्या टिपणांवरून आणि बऱ्याचशा आपल्या आठवणीवरून, ती सबंध वही पुन्हा लिहून काढली. मे महिन्यात ती नवी वही शेगडीत अर्धी जळालेली मिळाली. त्यांनी तिसरी लिहिली. "फाडा किती फाडायचं ते," त्यांनी तेव्हा प्रार्थनेच्या वेळी ऐकवलं होतं, "मी पुन्हा लिहीन. माझ्या शाळेतलं एकही मूल गुणांवाचून राहणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. आपण किती चिवट आहोत याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर, थोडा जास्तच होता.

गुण ज्याला नकोत तोच हे करणार, यावर शिक्षकांचं एकमत होतं. म्हणजे नववीच्या मागच्या बाकावरचे तिघे. हवालदार दवरोन आठ वाजता मोटरसायकलवरून आला तेव्हा त्यानेही तीच नावं घेतली. हा दवरोन मुअल्लिमांच्याच हाताखाली शिकलेला. अजूनही त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहायचा.

"तिघांना उचलतो, मुअल्लिमा. संध्याकाळपर्यंत घडाघडा बोलतील."

"आणि पुरावा?"

"बोलले की निघतोच पुरावा."

"तुला कोणी असं उचललं असतं तर, दवरोन? तूही काही देवदूत नव्हतास. माझ्या खुर्चीला डिंक कोणी लावला होता?"

दवरोनने कान खाजवला. "सोमवारपर्यंत थांबतो. पुढे माझ्याही हातात नाही."

नऊ वाजता शिक्षणाधिकारी नुसरत साहेबांचा फोन आला. त्यांनीही सोमवारच म्हटलं. सोमवारी शाळेच्या मैदानात निकाल वाचायचा आहे, मी स्वतः येतो आहे, तोपर्यंत गुन्हेगाराचं नाव द्या. नाहीतर ते तिघे सुधारगृहात जातील आणि तुमच्या खुर्चीचाही विचार करावा लागेल. मुअल्लिमांनी फोन ठेवला आणि उभ्यानेच टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. कोणत्या कामाला आधी हात घालावा ते त्यांना सुचेना.

काचा अजून झाडायच्या होत्या तोच खोसियत खाला आत आल्या. नुसरत साहेबांची ही थोरली बहीण, गावातलं वजनदार माणूस. कोणी बसा म्हणायच्या आत बसल्या, टेबलावर फडकं पसरलं, त्यावर नान, खडीसाखर आणि सुके जर्दाळू मांडले.

"अगं बाई, काय उकिरडा केलाय मेल्यांनी! अंझुरतजान, तू ही नान मोड आधी. मग बोलू."

मुअल्लिमांनी नान मोडली. मोडल्यावाचून सुटका नव्हती.

"दाखले भिजले म्हणे? भिजू देत. नुसरत दुसरे आणेल, पंधरा दिवस लागोत नाहीतर महिना. पण निकाल सोमवारी वाचलाच पाहिजे हं. माझी होणारी सून मुनव्वर पास, एवढं तू चारचौघांत म्हटलंस की माझं काम झालं. मंगळवारी मुल्ला निकाह लावतो. माझ्या लेकाचं, बेहझोदचं, पंचवीस तारखेचं मॉस्कोचं तिकीट आहे."

"म्हणजे लग्नानंतर आठ दिवसांत तो जाणार?"

"जाईल नाही तर काय करील? इथे काय सोन्याच्या खाणी आहेत? तो जाईल, सून राहील. माझे गुडघे गेलेत, बाई. घरात हात हवेत."

"पंधरा वर्षांची आहे ती, खाला."

"सरकारी नोंद अठरा झाल्यावर करू. तोवर देवाची नोंद पुरे. मला घोर फक्त नववीचा. भाऊ शिक्षण खात्याचा साहेब, आणि त्याच्याच भाच्याची बायको सक्तीच्या शिक्षणातून पळवलेली? वरून चौकशी आली तर त्याची नोकरी जाईल. म्हणून म्हटलं, नववी होऊ दे. मी काय कायदा न मानणारी बाई आहे?" त्या हसल्या, आणि मुअल्लिमांच्या हातावर प्रेमाने चापट मारली. "आणि तू गं काय तोंड पाडतेस? मुलगी तूच तर दाखवलीस! ह्याच शेगडीपाशी म्हणालीस, खाला, मुनव्वरसारखी दुसरी नाही. मान खाली घालून चहा घेऊन आली होती, थेंब सांडला नाही. मी तेव्हाच ठरवलं."

खोटं काहीच नव्हतं. हिवाळ्यात शेतांची कामं संपली की मुलांच्या आया शाळेत येत. मुख्याध्यापिकेइतकी मुलींची पारख कोणाला असणार? कोणाचं अक्षर वळणदार, कोण उलटून बोलत नाही, कोणाची नखं स्वच्छ, सारं मुअल्लिमांना तोंडपाठ. मग काहीतरी निमित्त काढून त्या मुलीला वर्गातून बोलावायचं आणि पाहुण्यांना चहा द्यायला सांगायचं. मुलींमध्ये याला नावच पडलं होतं. "तिला चहाला बोलावलंय," असं एकमेकींच्या कानात सांगितलं जाई. मुअल्लिमांनी यात कधी कोणाकडून काही घेतलं नाही. एखादी नान, मूठभर खडीसाखर, आणि प्रत्येक लग्नात मानाची जागा, इतकंच. आपण पुण्याचं काम करतो, चांगल्या घरी चांगली मुलगी देतो, अशीच त्यांची समजूत होती. गेल्या वर्षी नववीत एकोणीस मुली होत्या; दहावीला पाच आल्या. वार्षिक अहवालात चौदा नावांपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: कौटुंबिक कारणास्तव शाळा सोडली. कचेरीतून कधी कोणी विचारलं नाही, कोणतं कारण.

खोसियत खाला गेल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या. बाहेर सांगीन बोबो मोकळ्या चौकटीला पुठ्ठा ठोकत होता आणि खिळ्यांशी बोलावं तसं स्वतःशीच बोलत होता. "तीनदा हललो मी इथून, तीनदाच. ताहिरच्या पोरीची ओश, वाण्याच्या पोरीची ओश, आज लोहाराची. आता मेलो तरी ओशला जायचा नाही."

मुअल्लिमांचा हात चौकटीवरच राहिला. तीन फुटलेल्या खिडक्या, तीन ओशच्या सकाळी. त्या सकाळी मागच्या बाकावरचे तिघे कुठे होते? ताटं वाहत होते. दवरोन जेवत होता, न्हावी जेवत होता, संगीताचे सरही जेवत होते. नवबोगमधला एकूण एक पुरुष पुलावाच्या ताटाभोवती बसलेला. मग उरलं कोण?

त्या टेबलामागे जाऊन बसल्या, लगेच उठल्या, पुन्हा बसल्या. नववीची यादी काढली. बावीस मुली. एकीच्याही नावावर बोट ठेवायला मन धजेना. अशा बातमीने मुलीचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी त्या तडक अंगणात गेल्या. नववीच्या मुली झाडांच्या बुंध्यांना चुना लावत होत्या, मुलं पाट उपसत होती.

"ऐका सगळे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सोमवारी पोलीस तिघांना घेऊन जाणार आहेत. तालुक्याला. कोणाला काही ठाऊक असेल तर मी कार्यालयात आहे."

त्या वळल्या. मागे पावलं वाजली ती कार्यालयाच्या दारापर्यंत आली. मुनव्वर होती. कोपरापर्यंत हात चुन्याने पांढरे.

"त्या तिघांना सोडा, मुअल्लिमा. मी फोडली खिडकी. तिन्ही वेळा मीच."

मनातून अंदाज आलेला असला तरी तो कानाने ऐकणं वेगळं.

"तू?"

"ओशच्या दिवशी आई लग्नघरी नान भाजायला जाते. रस्त्यात कोणी पुरुष नसतो. कोणी विचारत नाही कुठे चाललीस."

"अगं पण का? वर्गात पहिली येणारी पोर तू! स्वतःच्या गुणांची वही पाटात टाकलीस?"

"मला माझेच टाकायचे होते. दुसऱ्यांचे नव्हते टाकायचे. पण वही सगळ्यांची एकच असते." मुनव्वरने नखाखालचा चुना टोकरला. "नववी झाल्याशिवाय मुलीला शाळेतून काढता येत नाही. तुम्हीच शिकवलंत. मग म्हटलं, गुणच नसले तर नववी होणार नाही. तर तुम्ही परत लिहिलेत. मी जाळले, तुम्ही परत लिहिलेत. माझे सगळे गुण तुम्हाला पाठ होते."

"माझ्याकडे यायचं होतंस!"

"आले होते, फेब्रुवारीत. मला दहावीला रसायनशास्त्र घ्यायचं होतं. तुम्ही बाबांना रशियात फोन कराल का, असं विचारायला आले होते. मी दारात उभी राहिले. तुम्ही म्हणालात, बरी आलीस, पाहुण्यांना चहा दे."

मुअल्लिमांनी विझलेल्या शेगडीकडे पाहिलं.

"मग मी सरळ नापास व्हायचं ठरवलं," मुनव्वर सांगत राहिली. एकदा सुरुवात केल्यावर तिला थांबता येत नव्हतं. "भूमितीचा पेपर कोरा दिला. नाव घातलं फक्त. आणि तक्त्यात मला पाचपैकी पाच लागले."

ही गोष्ट अंझुरत मुअल्लिमांनी स्वतःशीही कधी नीट उच्चारली नव्हती. कोरा कागद त्यांनीच पाहिला होता. पोरीला बरं नसेल, एवढी हुशार मुलगी, उगाच वर्ष जाईल, शिवाय खोसियत खालांनी लग्नाची तारीख धरलेली, असं म्हणत त्यांनी निळ्या शाईचं पेन घेतलं आणि पाचही उत्तरं आपल्या हाताने लिहिली. त्रिकोण काढताना पट्टीसुद्धा वापरली.

"मला वाटलं, तुला ताप वगैरे असेल. तुझं नुकसान नको म्हणून..."

"मला काहीच झालं नव्हतं," मुनव्वर म्हणाली.

मग मुअल्लिमांमधली मुख्याध्यापिका जागी झाली, आणि ते बरंच झालं. "तुझं दुःख मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण ह्या बादलीत बघ. एकेचाळीस जणांचे कागद आहेत. सोळा जणांना शहरातल्या तंत्रशाळेत अर्ज करायचेत. त्यांनी तुझं काय केलं होतं?"

मुनव्वरने बादलीत पाहिलं आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

"काच तू बसवायचीस, सांगीन बोबोंबरोबर, लुकण मळण्यापासून. नवे दाखले आले की त्यांच्यावर नावंही तूच घालायचीस, एकही चूक न करता. आता जा. आणि हे दुसऱ्या कोणाजवळ बोलू नकोस."

रविवारी त्यांना घरात बसवेना. चहा गार झाला, दुसरा ओतला, तोही गार झाला. पोरीचं नाव दिलं तर तिच्या नावाची पोलिसात नोंद होणार. सोयरीक मोडेल, पण शाळाही सुटेल आणि जन्मभराचा डाग लागेल. नाव दडवलं तर ते तिघे जाणार, आणि मंगळवारी निकाह. दुपारी त्या मुनव्वरच्या घरी गेल्या. तिची आई ओयदिन लाकडी ओट्यावर हुंड्याच्या गाद्या शिवत बसली होती; तीन शिवून झाल्या होत्या, चौथीत कापूस भरत होती. मुअल्लिमांना पाहून ती धडपडत उठली.

"ओयदिन, एक विनंती घेऊन आलेय. मुनव्वरला दोन वर्षं थांबवा."

ओयदिनने सुई गादीत खोचली. "असं कसं, मुअल्लिमा? तुम्हीच तर जुळवलंत. एवढं मोठं घर. ह्यांचा रशियाहून होकार आलाय. आता नाही म्हटलं तर धाकट्या दोघींना कोण विचारील?"

"माझं चुकलं."

"चुकलं कसं?" ओयदिन अवघडून हसली. "मलाही तुम्हीच चहाला बोलावलं होतं. तुम्ही नव्या आला होतात तेव्हा, पहिल्याच वर्षी. माझं काय वाईट झालं?" ती हसता हसता थांबली. नवरा नऊ वर्षं रशियात होता. तिथे त्याने दुसरा संसार मांडल्याचं साऱ्या गावाला माहीत होतं, आणि गावाला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिने सुई उपटली आणि पुन्हा टाके घालू लागली. "आमच्या हातात काही नसतं, मुअल्लिमा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही बघा काय ते."

परतताना त्या दवरोनच्या चौकीत थांबल्या.

"गुन्हेगार मला सापडलाय. त्या तिघांचा काडीचा संबंध नाही. पण नाव मी देणार नाही, आणि तक्रार मागे घेतेय."

"मग कागदावर काय लिहू मी?"

"लिही, मुख्याध्यापिकेने नाव द्यायला नकार दिला. माझी सही घे."

"तुमच्यावर शेकेल हे."

"शेकू दे. लिही तू."

सोमवारी मैदान भरलं. पहिल्या रांगेत नुसरत साहेब, शेजारी नव्या झुळझुळीत पोशाखात खोसियत खाला, मांडीवर मिठाईचं ताट फडक्याने झाकलेलं. निकाल लागताच वाटायचं होतं. ओयदिन मागे बायकांत. फाटकाशी दवरोन. मुअल्लिमांनी यादी वाचायला घेतली. त्यांचा आवाज खणखणीत होता. मागच्या बाकावरचे तिघे पास झाले तेव्हा टाळ्यांबरोबर शिट्याही वाजल्या.

मग मुनव्वरचं नाव आलं. एकामागून एक विषयात पाच. खोसियत खालांनी ताटावरचं फडकं बाजूला केलं.

"भूमिती," मुअल्लिमांनी वाचलं, "नापास."

मैदानात एकदम कुजबुज उठली. "चुकून वाचलंत," नुसरत साहेब हसत म्हणाले. "तक्त्यात पाच आहेत, मी पाहिलेत."

"तक्ता खोटा आहे, साहेब. ही तिची उत्तरपत्रिका." मुअल्लिमांनी कागद उंच धरला. "हिने कोरी दिली होती. ह्यातलं अक्षर माझं आहे. उत्तरं मी लिहिली, गुण मी दिले. अठरा वर्षांत असलं काम पहिल्यांदा केलं, आणि का केलं तेही सांगते. हिचं लग्न ठरलं होतं, आणि ते मीच ठरवून दिलं होतं."

"मुअल्लिमा, बसा खाली." साहेब उभे राहिले. "आपण आत जाऊन बोलू."

"आत पुष्कळ वर्षं बोललो, साहेब. आज बाहेर बोलू दे." त्यांनी बायकांच्या रांगांकडे पाहिलं. "तुम्ही सगळ्या माझ्या शेगडीपाशी येऊन बसलात. मी तुमच्या लेकी वर्गातून उठवून दुसऱ्यांना दाखवल्या आणि दुसऱ्यांच्या लेकी तुम्हाला दाखवल्या. फळा पुसून चहा ओतायला लावला. त्याला मी पुण्य म्हणत होते. आजपासून या शाळेत कोणालाही मुलगी दाखवली जाणार नाही. आणि अहवालात कौटुंबिक कारण लिहिणार नाही. लग्न लावलं, वय पंधरा, असं लिहीन, नवऱ्या मुलाचं नाव घालीन, आणि एक प्रत सरकारी वकिलाला पाठवीन. मुनव्वर नापास आहे. तिची परीक्षा ऑगस्टमध्ये पुन्हा होईल. पेपर लिहायचा की कोरा द्यायचा, हे तिचं ती ठरवेल."

नुसरत साहेबांचा चेहरा उतरला. भरल्या मैदानात, शंभर पालकांसमोर नापास ठरलेली मुलगी पास करून घेणं त्यांच्याही हातात उरलं नव्हतं. "हे पद तुमच्याकडे फार दिवस राहणार नाही," ते दातओठ खात म्हणाले आणि गाडीकडे निघाले. खोसियत खालांनी ताटावर फडकं ओढलं. जाताना त्या मुअल्लिमांसमोर थांबल्या.

"पोरीचं नशीब फोडलंस तू, अंझुरत. तुझं तोंड बघणार नाही आता मी."

मागे बायकांच्या रांगेत ओयदिन डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवून रडत होती. ती कशासाठी रडते आहे ते मुअल्लिमांना कळेना. विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असंही त्यांना वाटेना.

मैदान रिकामं झालं. दुपारी त्या कार्यालयात बसून नुसरत साहेब नेमतील त्या चौकशी समितीला द्यायचा खुलासा लिहू लागल्या. तीन ओळी लिहून खोडल्या, पुन्हा लिहिल्या. खिडकीबाहेर मुनव्वर आणि सांगीन बोबो नव्या काचेच्या कडेने लुकण दाबत होते. "अंगठ्याने दाब गं, बोटाने नव्हे," म्हातारा तिच्यावर खेकसत होता. मुनव्वर मन लावून दाबत होती.

दारात दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. नववीच्याच. एकमेकींना कोपराने ढकलत होत्या.

"दाखले पंधरा दिवसांनी येतील गं," मुअल्लिमा मान वर न करता म्हणाल्या. "मग या."

"दाखल्यासाठी नाही आलो."

"मग?"

दोघींपैकी उंच होती ती पुढे झाली. "मुअल्लिमा, आम्हालाही नापास करता येईल का?"

मुअल्लिमांच्या हातातलं पेन थांबलं. हिवाळ्यात या दोघींनाही त्यांनी चहाला बोलावलं होतं. कोणाकोणासमोर, तेही त्यांना आठवलं. त्यांनी गठ्ठ्यातून दोघींच्या उत्तरपत्रिका काढल्या, एकेक पान उलटून पाहिलं. अक्षर मुलींचंच होतं, उत्तरं मुलींचीच, गुण खरे. कुठे एक फटही नव्हती जिच्यातून या दोघींना मागे ओढून घेता येईल.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरोखर पास झाला आहात."

मुलींच्या माना खाली गेल्या. मुअल्लिमांनी खुलासा तसाच अर्धा सोडला, खुंटीवरचा रुमाल डोक्याला बांधला आणि टेबलाच्या पुढे आल्या.

"कोणाच्या घरी आधी जायचं?" त्यांनी विचारलं. "कोणाच्या लग्नाची तारीख जवळची आहे?"